पालकाचा मोबाइल नंबर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मला सगळे 'फॉर्मवाले सर' म्हणत. शिकवायचो मी भूगोल, पण बारावी झालेली पोरं भूगोल विसरायची आणि माझं टेबल लक्षात ठेवायची. उत्पन्नाचा दाखला कुठं काढायचा, जात पडताळणीला किती दिवस आधी अर्ज टाकायचा, कुठली शिष्यवृत्ती कुणाला बसते, होस्टेलचा खर्च कोण उचलतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्याचा मला गर्व होता. आता निवृत्त झालोय म्हणून कबूल करतो, चांगलाच गर्व होता.

माझी एक पद्धत होती. फॉर्मवर 'पालकाचा मोबाइल नंबर' असा रकाना आला की मी माझा नंबर टाकायचो. रहिमतपूरला येणारी पोरं आसपासच्या खेड्यांतली. कुणाच्या बापाचा फोन रिचार्जअभावी बंद, कुणाच्या भावाचा नंबर दर सहा महिन्यांनी नवा, कुणाच्या आईला आलेला मेसेज वाचता यायचा नाही. दोन-तीन पोरांचे अर्ज असे वाया गेले तेव्हा मी वैतागलो आणि म्हणालो, यापुढं सगळ्यांचा पालक मीच. पोरं हसायची. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

पण एवढ्या फॉर्मांवर एकच नंबर गेल्यावर जे व्हायचं ते झालं. हे नंबर कुठून फुटतात देव जाणे, पण मला रोज फोन यायला लागले. क्लासवाले, खाजगी कॉलेजवाले, परदेशी पाठवणारे. सगळ्यांची सुरुवात एकच, "सर, तुमच्या मुलीच्या पुढच्या शिक्षणासंदर्भात बोलायचं होतं." मला एकुलता एक मुलगा, तोही पुण्यात नोकरीला लागलेला. आधी मी सभ्यपणे नाही म्हणायचो. मग माझा मूळ स्वभाव बाहेर आला. "मला मुलगी नाही, परत फोन करू नका," असं ओरडून फोन आपटायचो. स्टाफरूममध्ये याची नक्कलसुद्धा व्हायची. बायको म्हणायची, "अहो, एखाद्याचं ऐकून तरी घ्या, काय म्हणतोय ते." मी तिलाही गप्प करायचो.

त्या वर्षी माझ्याकडं माण तालुक्यातली एक मुलगी होती. आईवडील मेंढरांमागं. दसरा झाला की कळप घेऊन पाण्याच्या मुलखात उतरायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत. मुलीला शिकायचं होतं म्हणून तिला रहिमतपुरात मावशीकडं ठेवलं होतं. बोलायची कमी. पण मेंढीचं अडलेलं कोकरू आपण कसं सोडवलं ते मला तिनं एकदा सांगितलं होतं आणि सांगताना हात असे हलवत होती की मला तिथंच वाटलं, ही नर्स व्हायला पाहिजे. तिलाही तेच व्हायचं होतं. सीईटी झाली, सांगलीच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला तिचा नंबर लागला.

अडचण नेहमीचीच. सरकारी शिष्यवृत्ती फीचा मोठा वाटा उचलते, पण ती हातात येते वर्ष सरताना. कॉलेजला मात्र प्रवेशाच्या वेळीच काहीतरी भरावं लागतं, शिवाय होस्टेल आणि मेस. सांगलीत एका व्यापारी घराण्याचा ट्रस्ट आहे, तो हा सगळा खर्च करतो. फार गाजावाजा नाही, निवडक मुलं घेतात. मी फॉर्म मागवला आणि दसऱ्याच्या आधी आम्ही तो भरायला बसलो.

मोबाइलच्या रकान्यापाशी तिनं पेन थांबवलं. "सर, आण्णांचा नंबर टाकू का? दिवसभर बंद असतोय, पर सांजच्याला चालू करत्यात."

"काही नको," मी म्हणालो. "माझा टाक."

तिनं टाकला.

प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या लांबत दिवाळीच्या पुढं गेल्या, तशी पैसे भरायची मुदतही. ट्रस्टकडून काहीच येईना. मी म्हणायचो, येईल, ही चांगली माणसं आहेत, सावकाश काम करतात. कॉलेजात पैसे भरायची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा माझा धीर सुटला. सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं सांगलीला गेलो. मावशीनं तिला इस्त्रीचा ड्रेस घालून पाठवलं होतं आणि दोघांपुरती भाकरी-चटणी बांधून दिली होती. गाडीत ती ट्रस्टवाले काय विचारतील ते मला विचारत होती आणि मी तिची उत्तरं दुरुस्त करत होतो.

ट्रस्टचं ऑफिस हळदीच्या पेठेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथं एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आम्हाला पाणी दिलं, फाइल काढली, चष्मा लावला. मग मुलीकडं बघून हळूच म्हणाले, "बाळ, तुझी निवड झाली होती."

त्यांची रीत त्यांनी सांगितली. ते पत्र पाठवत नाहीत. निवड झाली की स्वतः पालकांना फोन करतात आणि एकच विचारतात, मुलीला शेवटपर्यंत शिकवायची तुमची तयारी आहे ना? कारण पूर्वी काही मुलींची लग्नं मध्येच लावून दिली होती आणि जागा वाया गेल्या होत्या.

"मी तुझ्या वडिलांना फोन केला. मुलीच्या पुढच्या शिक्षणासंदर्भात बोलायचंय, एवढंच म्हणालो. तर ते म्हणाले, मला मुलगी नाही, परत फोन करू नका. दुसऱ्या दिवशी परत केला, तर उचललाच नाही. आम्हाला वाटलं, घरात काही बिनसलं असेल. मग यादीतल्या पुढच्या मुलीला मदत दिली."

तो फोन मला आठवला. कोरेगावच्या बाजारात, एका हातात भाजीची पिशवी असताना आलेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. या वयात काय जाहिरातींचे फोन करतो, असं मनात येऊन मी जरा जास्तच जोरात ओरडलो होतो.

बोलायला हवं होतं. तो मी होतो, एवढंच. तोंड उघडलंही होतं, पण त्या गृहस्थांनी आत्ताच मला 'तुमच्यासारखे शिक्षक आहेत म्हणून' वगैरे म्हटलं होतं, आणि शब्द बाहेर पडेना.

मुलीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिला कळलं होतं. फॉर्म तिच्याच हातानं भरलेला. मग खाली बघून ती त्या गृहस्थांना म्हणाली, "व्हय. आण्णा लय रागीट हायती."

तो बिचारा बाप मी दोनदाच पाहिला होता. आवाज चढवणारा माणूस नव्हे तो. लेकीला सोडायला आला तेव्हा कॉलेजच्या फाटकाबाहेर चपला काढून उभा राहिला होता.

गृहस्थ म्हणाले, वडिलांचीच संमती नसेल तर पुढच्या वर्षीही अवघड आहे. तरीही मी गप्प बसलो. आयुष्यात मी पुष्कळदा चुकलो असेन, पण इतकी लाज मला कधी वाटली नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर तिनं भाकरी सोडली, माझ्यापुढं ठेवली. मी म्हणालो, "पोरी, तू असं का सांगितलंस?"

"सर, तुमी बी कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. "न्हाईतर बाकीची पोरं तुमच्याकडं फॉर्म भराय येनार न्हाईत."

मी कुठं कुठं फोन केले, माझ्याकडून भरतो म्हणालो, पण ती ऐकेना. तुमच्याकडून घेतलं तर आण्णांना काय सांगू, म्हणाली. मुदत संपली. आठवड्याभरात ती मावशीचं घर सोडून आईवडिलांकडं कळपावर गेली.

मला झोप लागेना तेव्हा मी ट्रस्टला पत्र लिहिलं, सगळं खरं खरं. त्या गृहस्थांचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नव्हता. पुढच्या वर्षी तिचा अर्ज सगळ्यात आधी पाहू, फक्त वडिलांनी एकदा स्वतः आमच्याशी बोलावं, असं लिहिलं होतं.

तिच्या वडिलांचा नंबर मावशीकडून मिळवला. संध्याकाळी लावला, पहिल्याच रिंगला लागला. मागं मेंढरांचा ओरडा ऐकू येत होता. मी सांगलीतलं सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही फक्त एक फोन करा, पोरगी पुढच्या वर्षी जाईल.

ते म्हणाले, "आवं सर, ती म्हनली मला, मार्क कमी पडलं. तिनंच सांगितलंय."

"मार्क कमी नव्हते हो. निवड झाली होती तिची. फोन मला आला होता, मी तोडला."

"तुमी आसं कसं कराल?" ते मायेनं म्हणाले, जणू मीच दुखावलेला होतो. "पोरीला वाईट वाटू नये म्हून उगं सोताच्या अंगावर घेताय. तिला आता आशा लावू नगा, सर. लय रडली, आत्ता कुठं जरा रमलीया. एका ठिकानी लग्नाचं बोलनं बी चाललंय तिचं."

मी परत सांगितलं. शपथ घेतली. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "देवमानूस हाय तुमी. हितंच हाय ती, सांगतो तिला, सरांनी आठवन काढली म्हून."

त्यांनी फोन तिच्याकडं दिला नाही, आणि मीही मागितला नाही.