मामाच्या डोळ्यांची रेघ

आधीच सांगतो, भुताखेताचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. अकरा वर्षं झाली, भिलाईच्या एका खाजगी दवाखान्यात मी स्लीप लॅबचा टेक्निशियन आहे. झोपेच्या आजारांचं शिक्षण घ्यायला डॉक्टर आमच्याकडे येतात. वायरी कशा चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी कशा वाचायच्या, मीच शिकवतो त्यांना. तेव्हा माणूस झोपलाय की जागा, हे मला कोणी सांगू नये! असं वाटायचं...

माझा मामा भिलाईतच, कॅम्प-वन वस्तीत राहतो. एका कारखान्यात क्रेन चालवायचा. ड्यूटीवर डुलक्या घेताना दोनदा सापडला, म्हणून त्याला आमच्याकडे धाडलं — जागं राहायच्या टेस्टला. अंधुक खोलीत, आरामखुर्चीत चाळीस मिनिटं बसायचं आणि झोपायचं नाही. दिवसातून चारदा. झोपला की क्रेन गेली, मग गेटवर झाडू. मामी सकाळीच फोनवर रडली, "पास करजो रे बाबू."

तीन वेळा मामा टक्क जागा. चौथ्या वेळी, दुपारी तीनला, व्हिडिओत पाहतो तर डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरतोय! पण स्क्रीनवर लहरी पूर्ण जाग्या माणसाच्या. वायरी तपासल्या, ठीक होत्या.

नेहा नावाची शिकाऊ डॉक्टर काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारी बसली होती. तिला स्क्रीनवरची डोळ्यांच्या हालचालीची रेघ समजावत मी म्हणालो, "पेशंट से बोलो बाएँ देखो, तो लाइन ऊपर जाती है." आणि रेघ वर गेली. खोलीतला स्पीकर बंद, मध्ये जाड काच. नेहा गमतीनं म्हणाली, "मामाजी, दाएँ देखिए." रेघ खाली. आम्ही खो खो हसलो. मग दहा-पंधरा वेळा खेळवलं त्याला, माकडासारखं. आता लाज वाटते.

"लेकिन सर, ये तो सो रहे हैं," ती शेवटी म्हणाली.

"रिपोर्ट लहरों पर बनती है, वीडियो पर नहीं. लिखिए, जागे हैं." आणि 'जागा' अशी खूण मीच टाकली.

लाइट लावून मामाला उठवलं, पास झाल्याचं सांगितलं. तो घामानं भिजला होता. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि वाकून माझ्या पाया पडला. इकडे भाच्याला देव मानतात, मामा त्याच्या पाया पडतो. मला वाटलं, खूश आहे.

तिसऱ्या आठवड्यात क्रेनवरचा माल खाली उभ्या खलाशावर, म्हणजे माल अडकवणाऱ्या मदतनिसावर उतरला. माणिक नाव. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जागीच गेला.

मी तणतणत मामाकडे गेलो. "झोप येत होती तर सांगतलं कावून नाही?"

"झोपलो नोतो बाबू," मामा म्हणाला. "डोये मिटले होते, तरी सारं दिसून राहिलं होतं. माणिक खालून हात हालवून राहिला होता. माहा हातच उठेना. तुया खोलीतबी असंच झालं होतं. तुमी दोघं हासून राहिले होते. मी आतून बोंबलून राहिलो होतो, नोको पास करू मले..."

"मंग उठल्यावर कावून नाही बोलले?"

"भाचा म्हणे पास. भाच्याले खोटा कसा पाडू?"

मोठे डॉक्टर म्हणतात, कधीकधी शरीर झोपतं आणि मेंदू जागा राहतो. बरं, मान्य. पण बंद स्पीकर, जाड काच — त्याला ऐकू कसं आलं?

त्या दिवशी मामाकडून घरी न जाता मी लॅबमध्ये आलो, ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. माझ्या खुणेनंतर कोणीच काही सांगितलेलं नसताना रेघ वर, खाली, वर, खाली... डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मान हलवून नाही म्हणतात ना, तशी. लाइट लागेपर्यंत सहा मिनिटं. ती माझ्यासमोरच चालली होती, आणि मी नेहासाठी चहा मागवत होतो.