जुनं तसंच ठेवा!

नवं घर बांधणाऱ्याकडे सांगण्यासारखं फार नसतं. प्लॅन, स्लॅब, रंग, संपलं! जुनी घरं दुरुस्त करणाऱ्याचं तसं नाही. एक भिंत खरवडली की घरातले पाच जण पाच मतं घेऊन उभे राहतात, आणि टेम्पोत राडारोडा भरताना दोन-तीन किस्सेही आपोआप गोळा होतात. नगर जिल्ह्यात मी आणि मेहबूबभाई मिस्त्री हेच काम करतो. मी भांडतो, ते बांधतात.

*

नगरमधले एक साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले, "जुनं सगळं तसंच ठेवायचं बरं का!"

मी खूश. लगेच वही काढली.

"फक्त फरशी बदला. माळवद काढून स्लॅब टाका. खिडक्या ॲल्युमिनियमच्या करा. आणि दगडी भिंतीला टाइल्स."

"मग जुनं काय ठेवू?"

"ते वातावरण ठेवा की!"

*

मेहबूबभाई चुन्याच्या कामात मुरलेले. चुन्याचा गिलावा सावकाश सुकतो आणि मालकाला घाई असते. राहुरीचे एक मालक रोज सकाळी भिंतीला बोट लावून बघायचे. "अजून ओलंच? सिमेंट एका रात्रीत वाळतं!"

आठव्या दिवशी मेहबूबभाईंनी थापी खाली ठेवली. "मालक, तुमच्या पणज्यापासनं ही भिंत हितंच उभी हाय. तिला कुठं गाडी गाठायचीय?"

त्यानंतरही मालक बोट लावायचे, पण आम्ही गेल्यावर.

*

तिसगावला सागवानी खांबांवर ऑइलपेंटचे थर होते. वर पोपटी, त्याखाली निळा, त्याखाली गुलाबी. आम्ही दहा दिवस खरवडलं, बोटांची सालं निघाली. पण आतून असं लाकूड निघालं की मेहबूबभाई तोंडातली बिडी पेटवायचीच विसरले!

दिवाळीला घरी गेलो. परत येऊन बघतो तर खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट, आणि त्यावर ब्रशने ओढलेल्या बारीक रेघा.

"अहो, हे काय केलंत?"

मालक कौतुकाने म्हणाले, "लाकडावानी दिसावं म्हनून!"

मला खरंच रडू आलं.

*

श्रीगोंद्याचे एक भाऊ-बहीण. भाऊ त्या घरात राहायचा, बहीण पुण्यात. भाऊ म्हणाला, "कोनाडे बुजवा, नुसती धूळ साठते." त्याच दिवशी बहिणीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. कुठल्याशा रिसॉर्टमधला कोनाडा! खाली लिहिलेलं, "आपल्या घरी असं काहीतरी करा ना."

मी त्यांच्याच स्वयंपाकघरातला कोनाडा पुसला, त्यात एक पणती ठेवली आणि फोटो पाठवला.

"अय्या, किती छान! हा कुठला?"

"तुमच्याच घरातला. दुपारी बुजवायचाय."

दोन मिनिटांत भावाचा फोन वाजला. तो अंगणात जाऊन बराच वेळ नुसता "हो ताई, हो ताई" करत होता.

*

बेलापूरच्या अप्पांची नजर गेलेली. पण ओसरी, माजघर, मोरी, सगळीकडे एकटे फिरायचे. कुणी हात धरला की चिडायचे. "हात धराया लागलं की मानूस खाटंला लागतो," म्हणायचे.

आम्ही काम काढलं तेव्हा अप्पा महिनाभर लेकीकडे गेले होते. त्यांचा मुलगा भाऊसाहेब म्हणाला, "माजघराचा उंबरा काढून टाका. लई उंच हाय. अप्पा एक दिवस आपटत्याल."

एरवी मी एका खिडकीसाठी तासभर वाद घालतो. इथे घातला नाही. मुलगा बापाच्या काळजीपोटी बोलत होता, त्याला काय सांगणार? उंबरा काढला, फरशी सलग केली.

अप्पा परत आले. भाऊसाहेबाने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. ओसरीवरून नेमकी पावलं टाकत माजघराच्या दाराशी आले आणि सवयीने पाय चांगला उंच उचलून पलीकडे टाकला. पाय फरशीवर दाणकन आपटला, तोल गेला. मी धरलं म्हणून वाचले.

अप्पांनी चौकट चाचपली. वाकून खाली फरशीवरून हात फिरवला. "अप्पा, लागलं का?" मुलाने विचारलं. मग तोच हात त्यांनी त्याच्या आवाजाच्या दिशेने पुढे केला.

"भाऊ, मला आपल्या घरी ने."