मडावीकाकांचा संशय

मडावीकाका दुर्बिणीच्या फिल्टरची रोज झडती घेत. गोंदियाजवळच्या आमच्या विद्यापीठाच्या वेधशाळेत ते परिचर होते. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या तोंडाला चंदेरी फिल्टर बसवावा लागतो. त्याला टाचणीएवढं भोक असलं तरी पाहणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो. काका खोलीत अंधार करून फिल्टरमागे बॅटरी धरत आणि चांगलं मिनिटभर निरखत. मग दुर्बिणीला पहिला डोळा स्वतःचा लावत. "माहा डोरा जुना आहे, मॅडम. गेला तं गेला."

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. देवरीकडच्या जंगलात वनमजुरी केलेला माणूस; कुलूप लावून वर दोनदा ओढून पाहायचा. विद्यार्थ्यांनी कागदावर नवा सौरडाग काढून दाखवला की विचारायचा, "काच पुसली होती काय रे?" मी तिथे भौतिकशास्त्र शिकवायची आणि वेधशाळाही सांभाळायची. ही सगळी तपासणी मला माझ्यावरचा अविश्वास वाटे. हळूहळू मलाही त्यांचा संशय येऊ लागला. मी नसताना हा बुवा दुर्बिणीशी करतो तरी काय?

केशोरीच्या शाळेची मुलं सूर्य पाहायला आली, त्या दिवशी कुलगुरूही आले होते. फिल्टर कोरा, आदल्याच दिवशी मी स्वतः तपासून खणात ठेवलेला. मुलं रांगेत उभी राहिली आणि काका फिल्टर घेऊन दुर्बिणीसमोर आडवे आले.

"भोक आहे. पोट्ट्यायले नाही पाहू देत."

"काल नव्हतं, काका."

"काल नसन. आज आहे."

कुलगुरू घड्याळाकडे पाहत राहिले. मुलं सूर्य न पाहताच बसमध्ये बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खणाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. मी संध्याकाळीच तक्रार लिहिली: परिचराने मुद्दाम नुकसान केले. चौकशीत काका एवढंच म्हणाले, "मॅडमनं लिवलं तं लिवलं." उरलेली नोकरी त्यांनी फाटकावर काढली. मी मान वळवून आत जायची. ते मात्र उठून उभे राहायचे.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी तो खण पूर्ण बाहेर ओढला. मागे कर्कटक पडलं होतं. सौरडागांच्या चित्रांसाठी वर्तुळं काढून मुलं येण्याच्या आदल्या दिवशी मीच ते घाईत आत टाकलं होतं आणि वर फिल्टर ठेवला होता. त्याच्या टोकाला चंदेरी कपटा अजून चिकटलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी देवरीची बस पकडली. काका अंगणात धान पाखडत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "भोक माझ्या हातून पडलं होतं."

"मालूम आहे. त्याच दिवशी पाहलं होतं म्या, कर्कटक."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची नौकरी सालासालाची. माही तं सरूनच राहिली होती." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पक्की झाली काय आता?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मंग हे कोणाले सांगू नोका."

त्या तक्रारीखाली माझी सही आहे, म्हणून सांगते आहे.