स्वतःच्याच कंपनीचा ग्राहक

माझा धाकटा भाऊ टीव्ही बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत होता. ऑफिसात त्याला सगळे 'नाका' म्हणत, कारण त्याच्या सहीशिवाय नवा टीव्ही बाहेर पडत नसे. टीव्हीच्या आत तो चालवणारा जो संगणकी कोड असतो, त्यातला बराचसा जगभरातल्या लोकांनी फुकट दिलेला. वापरायला मुभा, अट एकच: तुम्ही त्यात बदल केलेत, तर टीव्ही घेणाऱ्याने मागितल्यावर बदललेला कोड त्याला द्यायचा. ही अट पाळली जाते का, हे बघणं त्याचं काम. जिन्याखालची बिनखिडकीची खोली आणि टेबलावर पाठ उघडी टाकलेले टीव्ही, एवढाच त्याचा संसार.

एका नव्या टीव्हीपाशी घोडं अडलं. इंजिनियरांनी कोड बदलला होता आणि द्यायला तयार नव्हते. भावाने सही केली नाही. साहेबांनी परस्पर स्वतःच सही ठोकली.

"अरे, मागतंय कोण? आजवर एकाने तरी मागितलाय?"

यात खोटं काही नव्हतं.

मग आमच्या शहाण्याने काय करावं? दुकानात जाऊन तोच टीव्ही विकत घेतला आणि घरून कंपनीला मेल टाकला: मी ग्राहक, मला कोड हवा. सकाळी ऑफिसात तो मेल त्यानेच उघडला, असले मेल बघायला दुसरं होतंच कोण! छापून साहेबांपुढे ठेवला.

"हा ग्राहक कोण?"

"मीच."

"थट्टा करतोस?"

"नाही साहेब. टीव्ही घेणारा नोकरी कुठे करतो, हे अटीत नाही."

मेल मागे घे, नाहीतर नोकरी विसर, असं साहेबांनी सुनावलं. घरी मीच तोंड सोडलं. "पायावर धोंडा मारून घ्यायला टीव्ही विकत आणलास?"

"ताई, मागे घेतला तर इतकी वर्षं मी तिथं करत काय होतो?"

मला त्याचा भयंकर राग आला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

कंपनीच्या वकिलांनी त्या अटीपुढे हात टेकले आणि कोड जाहीर झाला. त्याच आठवड्यात भावाला घरी बसवलं.

त्याने कोड उतरवून घेतला, आपल्या टीव्हीशी जुळवून पाहिला. एक महत्त्वाची फाइल गाळलेली होती. त्याने पुन्हा मेल टाकला. उत्तर नाही. शेवटी जुन्या सहकाऱ्याला फोन केला.

"अरे, ते मेल तूच बघायचास ना?" तो म्हणाला. "तुझ्या जागी कुणाला घेतलेलंच नाही."