गुलाबभाऊंचं बिनचावीचं घड्याळ

गुलाबभाऊ गजभिये यांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्या बत्तीस वर्षांत रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी हातातल्या घड्याळाला चावी दिली. नोकरी लागली त्या साली घेतलेलं एचएमटी होतं ते. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी जीव कासावीस होणारा माणूस. बायको पार्वताबाई म्हणायच्या, "माहेरी जाऊ का म्हटलं तरी हा माणूस आधी घडी पाह्यते."

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी डावा हात थरथरायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ अशा गोळ्या लिहून दिल्या. वेळ चुकवायची नाही, म्हणाले. ती का चुकवायची नाही, हे गुलाबभाऊंना लवकरच कळलं. गोळीला उशीर झाला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. पुढं टाकावेत म्हटलं तरी उचलेनात.

एका सकाळी पार्वताबाई चहा घेऊन आल्या तर हे खाटेवर वाकून बसलेले. डाव्या हातात धरवेना म्हणून घड्याळ दोन गुडघ्यांत दाबलेलं, पण ते सरकायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीत चावी काही येत नव्हती. पार्वताबाईंनी घड्याळ घेतलं, चावी दिली, परत हाताला बांधलं. पंधरा दिवस असं चाललं. सोळाव्या दिवशी गुलाबभाऊंनी ते कपाटात ठेवून दिलं.

"काऊन जी?" पार्वताबाईंनी विचारलं.

"बायकोच्या हातानं चालणारी घडी बांधून मी का करू?"

मग निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेलं सेलचं घड्याळ निघालं. ते बरं चाललं होतं. पण एका दुपारी घराजवळ, कुडव्याच्या नाक्यावर भाजी घेताना त्यात साडेअकरा वाजलेले होते आणि बऱ्याच वेळानं पाहिलं तरी साडेअकराच. सेल संपला होता. गोळीची वेळ टळून गेलेली. रस्ता ओलांडताना मधोमध पाय थांबले. दोन्हीकडून हॉर्न. एका दुचाकीवाल्यानं शेवटी गाडी बाजूला लावली आणि दंडाला धरून त्यांना पलीकडं नेलं. घरी आल्यावर ते यातलं काही बोलले नाहीत. पार्वताबाईंना ते भाजीवालीकडून कळलं.

पुण्यात नोकरीला असलेली मुलगी स्नेहल फोनवर म्हणाली, "बाबा, मी टचवालं घड्याळ पाठवते. गोळीची आठवण करून देईल." पण डाव्या हातात धरलेला फोन हलायचा, टचवर बोट ठेवलं की चार भलत्याच गोष्टी उघडायच्या. फोनचाच त्यांना वैताग होता, त्यात अजून एक नको होतं.

म्हणून दोघं ऑटोनं गोंदियाच्या बाजारात चंद्रकुमारच्या दुकानात गेले. चंद्रकुमार घड्याळजी, आगारातल्या अर्ध्या लोकांची घड्याळं त्याच्याच हातची.

"चावी द्याची नाई, सेल टाकाचा नाई, अशी काही असते का?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"असते ना भाऊ. ऑटोमॅटिक. जापानी घेऊन टाका, महाग नाही पडणार." त्यानं काउंटरवर मखमलीचा ट्रे ठेवला. सिको, सिटिझन, ओरिएंट. त्यातलं एक उलटं करून दाखवलं. मागून काच होती आणि आत अर्धचंद्रासारखा एक धातूचा तुकडा गरगर फिरत होता. "हात हलला की हा घुमतो, और स्प्रिंग भरती है. आपका तो हाथ हिलता ही रहता है भाऊ, कभी बंद नहीं पडेगी!"

तो चांगल्या मनानं बोलला होता. पण गुलाबभाऊंनी डावा हात पँटच्या खिशात घातला आणि दुकानाची पायरी उतरून गेले.

दोघं ऑटोनं परत निघाले. कुडवा आलं तेव्हा पार्वताबाई म्हणाल्या, "त्यानं का खोटं सांगतलं? हालतेच ना हात."

"तू बी म्हण."

"म्हणीनच. मी तर रोज पाहून राहिली. लपवून का बंद होते का थो?"

चार दिवसांनी गुलाबभाऊंनी स्वतःच चपला घातल्या. "चल, त्या चंद्रकुमारकडे."

या वेळी मात्र त्यांनी नीट निवडलं. काळी तबकडी नको, म्हणाले, संध्याकाळी दिसत नाही. ज्यात आकडे नुसत्या रेघांचे होते ते बाजूला सारलं. एक फारच जड होतं. शेवटी एक सिकोचं राहिलं. पांढरी तबकडी, जाडे काटे, वार आणि तारीख एका खिडकीत, अंधारात हिरवट उजळणारे ठिपके. दहा हजारांच्या आतलं. त्याला चावी भरायची सोयच नव्हती, बारकं बटण होतं ते फक्त वेळ लावायला. पट्ट्याचं बकल मात्र गुलाबभाऊंना लागेना. तीनदा प्रयत्न केला. पार्वताबाईंचा हात पुढं आला, आणि त्यांनी तो मागं घेतला.

चंद्रकुमारनं ते पाहिलं. आत जाऊन स्प्रिंगची ताणली जाणारी साखळी घेऊन आला आणि पट्टा काढून ती बसवली. गुलाबभाऊंनी पाचही बोटं आत घातली, साखळी सरकली, मनगटावर घट्ट बसली. आपल्या हातानं. त्यांनी एकदा काढून परत घातलं. मग चंद्रकुमारला म्हणाले, "त्या दिवशी मी रागात गेलो जी."

"मेरी जबान फिसल गई थी, भाऊ."

तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बंद पडलेलं. काटे चारच्या आसपास थांबले होते.

पार्वताबाई चिडल्या. "फसवलं त्यानं!" दोघं परत दुकानात. चंद्रकुमारनं घड्याळ हातात घेऊन चारदा डोलवलं, ते लगेच चालू झालं. कानाला लावलं, तपासायच्या मशीनवर ठेवलं. बिघाड काहीच नव्हता. मग त्यानं गुलाबभाऊंकडं पाहिलं. डावा हात खिशात होता.

"दिनभर ऐसे ही रखते हो?"

गुलाबभाऊंनी हो म्हणून मान हलवली.

"बारीक थरथरीनं हा अर्धचंद्र पूरा घुमत नाही, भाऊ. चुकलंच माझं, मला वाटलं होतं चालेल. हात मोकळा झुलला पाहिजे. नाहीतर ऐसा करो, उजव्या हाताला बांधा. तो तर चांगला हलतो ना?"

सोपा उपाय होता. पार्वताबाईंना पटलाही. पण गुलाबभाऊ थांबले. नागपूरचे डॉक्टरही हेच म्हणाले होते: चालताना डावा हात मुद्दाम झुलवत जा, नाहीतर तो आखडत जाईल. तेव्हा त्यांनी मान डोलावली होती आणि घरी येऊन हात खिशात घातला होता.

"डाव्यालेच राहू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठची गोळी घेतली की दोघं चालायला निघू लागली. पहिल्या दिवशी हात बाहेर काढला तेव्हा गुलाबभाऊंचे कान लाल झाले. नाक्यावर चहाच्या टपरीशी आगारातले जुने ओळखीचे बसायचे. "जयभीम, गुलाबभाऊ! हाताले का झालं?" एकानं विचारलंच.

"कंपवात," ते म्हणाले. हा शब्द ते घराबाहेर पहिल्यांदाच बोलत होते. समोरच्यानं "अरे अरे" केलं, जरा सरकून बाकावर जागा दिली. बस, एवढंच. जग काही थांबलं नाही.

पार्वताबाई बाजूनं चालायच्या आणि हात थबकला की बजावायच्या, "झुलव जी, झुलव!" पाच-सहा पावलं हात झुले, परत अंगाला चिकटे. परत झुले. काही दिवस घड्याळ रात्री थांबायचं, मग थांबेनासं झालं. पार्वताबाईंनी आणखी एक गोष्ट पाहिली. वेळ बघायला गुलाबभाऊंनी हात डोळ्यांसमोर उचलला की थरथर क्षणभर थांबायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात तसं होतं, हात कामाला लागला की जरा शांत होतो. मग पार्वताबाई दिवसातून दहा वेळा विचारू लागल्या, "किती वाजले जी?" गुलाबभाऊंना कळत होतं. तरी दरवेळी ते हात उचलून वेळ सांगायचे.

आजार बरा झाला नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळी अर्ध्यानं वाढवली, गुलाबभाऊंची सही बारीक होत गेली. पण माघ महिन्यात एके दिवशी ते म्हणाले, "सौंदडले जाऊन येतो. शामकलाकडे." शामकला त्यांची धाकटी बहीण. आजार सुरू झाल्यापासून ते एकटे कुठंच गेले नव्हते.

पार्वताबाईंनी डब्यात पोळ्या बांधल्या, शर्टाच्या वरच्या खिशात गोळीची पुडी ठेवली. मी येऊ का, असं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

सौंदड स्टेशनवर शामकला उभी होती. भाऊ रेल्वेच्या डब्यातून दांडा धरून सावकाश उतरला. तिनं त्याच्या मागं पाहिलं.

"वैनी?"

"घरी आहे. मी एकटाच आलो."

धान कापून झालेल्या बांध्यांच्या, भातखाचरांच्या कडेनं दोघं घराकडं निघाली. गुलाबभाऊंचा डावा हात खिशाबाहेर होता, थरथरत होता, मधूनच ते तो जोरानं मागंपुढं झुलवत होते. शामकला बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं तो हात हळूच आपल्या हातात घेतला.

"दुखते का दादा?"

"नाई वं. हालते फक्त," गुलाबभाऊ म्हणाले. "चल, बारा वाजाले आले. गोळीले पानी दे मले."