भोपळ्याचा पहिला घाव

अख्खा भोपळा बाईने चिरू नये, हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि तुम्ही ते का ऐकलंत?

आमच्याकडे सांगायची वेळच आली नाही. बंगळुरात, यशवंतपूरच्या बाजारामागच्या गल्लीत आमची मराठी घरं कित्येक पिढ्यांची आहेत. दुकानात कन्नड, घरात अर्धं हे अर्धं ते. पण हा नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेला: भोपळा म्हणजे बकऱ्याच्या जागी दिलेला बळी, म्हणून पहिला घाव पुरुषाचा. त्याने एकदा सुरी टेकवली की पुढे सोलणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं बायकांचं.

माझे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. जो राबतो त्याचाच मालावर हक्क, असं ते लिहायचे, आणि भोपळा उतरवला की सुरीसाठी हात पुढे करायचे. वेल आईने लावलेला. पाणी तिचं, खत तिचं. सकाळी गच्चीवर जाऊन नरफुलं मादीफुलांवर टेकवायची तीही आईच. हे कुठल्या पत्रकात आलं नाही.

ते गेले आणि पुढच्या हंगामात वेलाने अख्खी गच्ची व्यापली. एवढे भोपळे दोघींनी खाणं शक्य नव्हतं. वाटावे, तर अख्खा भोपळा आता कोणी घेत नाही; घरात माणसं मोजकी, फ्रिज लहान. फोडी करून दिल्या तरच खपतो. आणि फोडींसाठी पुरुष हवा. आमच्या घरातला पुरुष म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारे माझे काका.

काका "सरी, बघू" म्हणायचे; सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं. कधी अमावास्या, कधी पाठ धरलेली, कधी क्रिकेट. आई जिन्यात उभी राहून पुन्हा पुन्हा विचारायची आणि वर माझं रक्त उकळायचं. तूच चिर म्हणून मी तिला सगळं मुद्देसूद समजावलं. ती म्हणाली, "भाषण झालं असेल तर ते भोपळे सावलीत सरकव."

शेवटी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला तिने विनंती केली. तो हसला. "अक्का, याचे पण स्टार द्याल ना?" म्हणाला आणि मजेत घाव घालून गेला. काकांनी ते पाहिलं. परका माणूस स्वयंपाकघरापर्यंत येतो म्हणजे काय, यावर त्यांनी आईला बरंच ऐकवलं. म्हणजे घरच्या पुरुषाला सवड नाही आणि बाहेरच्याला मज्जाव.

मग भोपळे सडू लागले. पाणी जिन्यावर ओघळलं, चिलटं झाली. काकांना हेच हवं होतं. त्यांनी जाहीर केलं की वेल उपटायचा, गच्चीवर पत्रे घालून खोली भाड्याने द्यायची. रविवारी माणसं येतील.

रविवारी आई सगळ्यात मोठा भोपळा कमरेवर घेऊन खाली उतरली. काकांच्या उंबऱ्यासमोर विळी मांडून बसली.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"वेल उपटायला माणसं मिळाली ना भावजी? चिरायला मिळेनात, म्हणून मी बसले."

"दादा असता तर त्याला हे चाललं असतं का?"

"ते असते तर त्यांनाही म्हटलं असतं, जरा सरका."

साल जाड होती. तिने दोन्ही हातांनी भार देऊन भोपळा पात्यावर दाबला. ती घाबरली होती, माझ्या भाषणांमुळे शूर वगैरे झाली नव्हती. तरी भोपळा दुभंगला. आता सडण्याचं निमित्त उरलं नाही, म्हणून काकांनी माणसं परत पाठवली, पण आत जाता जाता बजावलं: यापुढे एक जरी सडलेला दिसला, तरी वेल राहणार नाही.

मी ताटल्या घेऊन गल्लीत निघाले. एका घरी कालच भोपळा आणलेला होता. दुसऱ्या घरी फ्रिजमध्ये जागा नव्हती. तिसऱ्या दारात एक मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिरला कोणी गं?" मी म्हटलं, आईने. त्यांनी फोडींवरचं फडकं पुन्हा नीट झाकून ताटली माझ्या हातात दिली. याच मावशींनी इतकी वर्षं आमचेच भोपळे खाल्ले, घारग्यांची कृती आईला विचारून घेतली. आईच्या हातची चव चालते, आईच्या हातचा घाव चालत नाही.

फक्त मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, महादेवपुऱ्यात नोकरी करणाऱ्या दोन मुलींनी फोडी घेतल्या. बाकीच्या आमच्या घरी परत आल्या. आम्ही त्यांची भाजी खाल्ली, हुळी म्हणजे कानडी आमटी खाल्ली, घारगे खाल्ले, तोंडाची चव जाईपर्यंत खाल्लं. उरलं ते आंबलं, आणि काकांना वास येऊ नये म्हणून मी ते पिशवीत बांधून दूर कचऱ्यात टाकून आले.

वेलाला पुन्हा फळं धरली आहेत. तो राहतो की जातो, हे आता काकांपेक्षा तुमच्या दारात ठरणार आहे. म्हणून, या गल्लीत राहत असाल किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या, तर एवढं करा. कोणी फोडींची ताटली घेऊन आलं, तर कोणी चिरलं ते विचारू नका. ताटली आत घ्या, आणि त्याच दिवशी भाजी फोडणीला टाका.