उजेडबाईंची अट

आमच्या धाकट्या बहिणीला मी उजेडबाई म्हणतो. मी नट. आयुष्यभर दुसऱ्याने पाडलेल्या प्रकाशात उभा राहिलो. हिने मात्र गरीब देशांत, वीज न पोचलेल्या गावांत छपराछपरावर सौर पॅनेल चढवले. आधी साधी इंजिनिअर, मग साऱ्या योजनेची प्रमुख. पण घरी आली की साहेबीपणा चपलांबरोबर दारात उतरवते आणि माझ्या ताटातलं उचलून खाते.

परवा दुपारी तिचा फोन वाजला. डोंगरातल्या दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. धाकटीने उभारलेलं पहिलं सौर केंद्र तिथलंच.

"मॅडम, बॅटऱ्यांनी मान टाकली. फ्रिज बंद पडलाय. लशी बर्फाच्या डब्यात ठेवल्यात, पण संध्याकाळपर्यंतच टिकतील."

"आणि पॅनेल?"

"ठणठणीत! बाहेर ऊन नुसतं मी म्हणतंय."

धाकटीने कचेरीत फोन लावला. प्रमुखच ती, मला वाटलं, चुटकीसरशी काम. पलीकडचा अधिकारी अदबीने म्हणाला, "मॅडम, नवं केंद्र मागा, देतो. जुन्याला बॅटऱ्या देता येत नाहीत. देखभाल गावाने करायची, ही अट तुमचीच."

खरंच तिचीच होती. पहिलं केंद्र मंजूर व्हावं म्हणून हौसेने घातलेली. गाव स्वतःच्या पायावर उभं राहील, असं भाषणही ठोकलं होतं बाईंनी. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत. गावाने बिचाऱ्याने काचा पुसल्या, तारा राखल्या. बॅटऱ्या कुठून आणणार? आता हिने पदरच्या पाठवल्या, तरी डोंगर चढायला आठवडा.

"मी बोलू का त्याच्याशी?" मी म्हटलं. "रडून दाखवतो. पूर्वी लोक तिकीट काढून बघायचे."

"दादा, गप रे."

तिने नर्सबाईंना पुन्हा फोन लावला. "जेवढी मुलं येतील तेवढी आत्ताच बोलवा."

"निरोप धाडलाय. जवळची येतील. पण पलीकडच्या वस्तीतल्या बायका चालत येतात हो, पोरं पाठीशी बांधून. त्या उद्याच पोचणार. त्यांना काय सांगू?"

"सांगा..." धाकटी म्हणाली आणि थांबली.

रंगमंचावर वाक्य अडलं तर विंगेतून कुणीतरी हळूच पुरवतं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडेही नव्हतं.